राजकारणाला बंदी असलेले राज्यशास्त्र

तालुक्याच्या गावातले एखादे कला महाविद्यालय डोळ्यांसमोर आणा. तेथे राज्यशास्त्र शिकवले जाते. वर्ग भरगच्च असतो, निदान हजेरीपटावर तरी. त्याच महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात, विद्यार्थ्याने व पालकाने सही करून द्यावयाच्या नियमांमध्ये, आवारात राजकीय स्वरूपाची सभा, घोषणा वा चळवळ चालणार नाही, असे बहुधा बजावलेले असते. रसायनशास्त्राचा विभाग उघडून प्रयोगशाळेला कुलूप ठोकणाऱ्या प्राचार्यांना आपण वेड्यात काढू. राज्यशास्त्राच्या बाबतीत मात्र हेच शहाणपण समजले जाते. त्याला शिस्त असे नाव दिले जाते, आणि पालक, वृत्तपत्रे व शासन या साऱ्यांची त्या नावाला संमती असते.

या शिस्तीआड चाललेला व्यवहार तपासला पाहिजे. राज्यशास्त्राची पदवी आज निरुपयोगी ठरली आहे, अशी ओरड सर्वत्र ऐकू येते. आमचे म्हणणे असे की ती निरुपयोगी ठरावी अशीच व्यवस्था येथे केली गेली आहे, आणि त्या व्यवस्थेची किंमत ज्यांच्या घरात सत्तेचा वारसा नाही अशी मुले-मुली मोजत आहेत.

पाठ्यपुस्तकातली पाच वर्षे

जून २०२२ मध्ये बी.ए.च्या पहिल्या वर्षात आलेला विद्यार्थी २०२५ च्या उन्हाळ्यात पदवीधर झाला. स्थानिक स्वराज्य संस्था हे प्रकरण त्याने अर्थातच वाचले. १९६१ चा महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९९३ साली अंमलात आलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्या, पाच वर्षांची मुदत आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन, हे सारे त्याने उत्तरपत्रिकेत मुद्देसूद लिहिले आणि गुण मिळवले.

ज्या जिल्ह्यात बसून तो हे लिहीत होता तेथे काय चालले होते? राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. मुंबई महापालिकेची मुदतही त्याच महिन्यात संपली. त्यानंतर तेथे प्रशासक बसले आणि बसूनच राहिले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घ्या असा आदेश द्यावा लागला, आणि तरीही नगरपरिषदांच्या मतदानापासून प्रत्यक्ष सुरुवात व्हायला डिसेंबर २०२५ उजाडला. याचा अर्थ असा की बहुसंख्य जिल्ह्यांतील त्या पिढीच्या विद्यार्थ्याला पदवीच्या तीन वर्षांत जिल्हा परिषदेचा एकही निवडून आलेला सदस्य पदावर पाहायला मिळाला नाही. घटनेतील पाच वर्षे त्याने पाठ केली. घटनेबाहेरची तीन वर्षे तो जगला. या दोहोंमधील अंतर हाच खरा राज्यशास्त्राचा विषय होता.

आणि तो किती समृद्ध विषय होता! ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या स्थानिक संस्थांतील आरक्षणासाठी तीन कसोट्या लावल्या: समर्पित आयोगाकडून मागासलेपणाची चौकशी, त्या आधारे संस्थानिहाय प्रमाणाची निश्चिती, आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत. जातनिहाय माहिती हाताशी नव्हती. मग आयोग नेमले गेले, अहवाल आले, प्रभागरचनेचा अधिकार निवडणूक आयोगाचा की शासनाचा असा झगडा झाला. संघराज्य, न्यायालयीन पुनर्विलोकन, सामाजिक न्याय, निवडणूक आयोगाची स्वायत्तता, नोकरशाहीची सत्ता, अशी अभ्यासक्रमातली पाच-सहा प्रकरणे एका जिवंत घटनेत गुंफलेली होती. परीक्षेत मात्र तेच: ‘स्थानिक स्वराज्य संस्थांचे महत्त्व विशद करा.’

दुसरे उदाहरण पक्षांतरबंदीचे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले आणि २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने एक-तृतीयांश फुटीची पळवाट बंद केली, इथपर्यंत गाईडात असते. पुढे काय? जून २०२२ मध्ये या राज्याचे सरकार कोसळले. ११ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यपालांनी बहुमत-चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते असे म्हटले. पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरे न जाताच राजीनामा दिला असल्याने जुनी स्थिती पुन्हा आणता येत नाही, असेही सांगितले आणि अपात्रतेचा निर्णय विधानसभाध्यक्षांकडे सोपवला. १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्षांनी कोणालाच अपात्र ठरवले नाही. कायदा, पद, नीती आणि सत्ता यांच्या परस्परसंबंधांवर एवढे बोलके प्रकरण कोणत्या देशातल्या विद्यार्थ्यांना घरबसल्या मिळते? आपल्याकडे त्यावर वर्गात बोलायचे म्हटले की प्राध्यापक आधी दाराकडे पाहतात.

अठराव्या वर्षी मतदार, तरीही अज्ञान

ही भीती आपोआप आलेली नाही. तिचा इतिहास आहे आणि तो तारखांसह सांगता येतो.

६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले. ती २८ मार्च १९८९ रोजी अंमलात आली. देशाचे सरकार निवडण्याची अक्कल अठराव्या वर्षी असते, हे संसदेने मान्य केले. त्याच वर्षी मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी-नेत्याचा खून झाला. घटना भीषण होती यात शंका नाही. परंतु तिच्यावर उपाय काय योजला गेला? राज्यातील विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुकाच बंद झाल्या, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधी गुणपत्रिकेवरून नेमण्याची पद्धत पक्की केली. अठरा वर्षांचा तरुण पंतप्रधान निवडण्यास लायक, पण वर्गाचा प्रतिनिधी निवडण्यास नालायक, असा हा न्याय आहे.

निवडणुकीत हिंसा होते म्हणून निवडणूकच नको, हा युक्तिवाद विधानसभेला कोणी लावत नाही. या देशात ग्रामपंचायतीच्या निवडणुकांत डोकी फुटतात, लोकसभेच्या निवडणुकांत पैशाचा पूर वाहतो. म्हणून सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यास खासदार नेमा, असे कोणी सुचवलेले ऐकिवात नाही. विद्यार्थी निवडणुकांतील पैसा व दांडगाई यांवर उपाय नाहीत असेही नाही. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने २००६ साली खर्चाची मर्यादा, वयाची अट, हजेरीची अट अशी तपशीलवार चौकट दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती लागूही केली. उमेदवाराने पाच हजार रुपयांपेक्षा अधिक खर्च करू नये, असे ती चौकट सांगते. आमदारकीच्या उमेदवारांना अशी शिस्त लावून दाखवावी!

महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. २०१९ साली त्या जाहीर झाल्या आणि विधानसभेच्या निवडणुकीचे कारण सांगून पुढे ढकलल्या गेल्या. मोठ्यांची निवडणूक आली म्हणून धाकट्यांची निवडणूक नको, असे ते कारण! मग महामारी आली. महामारी गेल्यावरही निवडणुकांची आठवण कोणत्याही रंगाच्या सरकारला झाली नाही. या एका प्रश्नावर सर्व सत्ताधाऱ्यांचे असलेले एकमत लक्षात घेण्याजोगे आहे.

त्याचे कारण सत्ताधाऱ्यांना इतिहास विद्यार्थ्यांहून चांगला माहीत असतो. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात खाणावळीचे दर वाढले म्हणून मुले चिडली. फेब्रुवारी १९७४ मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. पाठोपाठ बिहारची मुले उठली. खाणावळीच्या बिलातून राज्यसंस्थेपर्यंत जाणारी ही वाट विद्यार्थ्याने शोधू नये, यासाठी शिस्तीचे नियम छापले जातात.

संस्थाध्यक्षांना मात्र मुभा

महाविद्यालयात राजकारण नको म्हणणारे कोण आहेत, हेही पाहावे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा बहुजनांच्या मुलांनी कमवून शिकावे व ताठ उभे राहावे, ही त्यामागची आस होती. १९८३ पासून विनाअनुदान धोरणाने वेगळीच जमात जन्माला घातली. तिला लोकांनीच शिक्षणसम्राट हे सार्थ नाव दिले. कारखाना, बँक, दूध संघ आणि महाविद्यालय अशी चारही खाती एका घरात नांदू लागली. अनेक ठिकाणी संस्थेचा अध्यक्ष आमदार असतो, त्याचा पुत्र जिल्हा परिषदेत असतो. साहेबांच्या वाढदिवसाला महाविद्यालयाच्या मैदानावर मांडव पडतो, मंत्री आले की तास बंद करून मुलांना रांगेत बसवले जाते. हे राजकारण नसते. शिष्यवृत्ती का रखडली असे विचारायला चार मुले प्राचार्यांच्या दालनाबाहेर उभी राहिली की ते मात्र राजकारण ठरते आणि त्यांच्या पालकांना फोन जातात.

अशा आवारात राज्यशास्त्र कोण शिकवते? बहुतेक वेळा तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. नेट-सेट उत्तीर्ण, अनेकदा पीएच.डी. झालेला, चाळिशीकडे झुकलेला हा माणूस तासावर मेहनताना घेतो. सुटीत त्याला वेतन नाही आणि पुढच्या जूनमध्ये तो असेल की नाही हे संस्थाचालकांच्या मर्जीवर आहे. करारावरील अध्यापकांचे प्रमाण एकूण अध्यापकांच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी म्हटले. आपल्या जवळच्या महाविद्यालयात जाऊन वाचकांनीच गणित करून पाहावे. ज्याची भाकरी अध्यक्षांच्या सहीवर अवलंबून आहे त्याने वर्गात सहकारातील घराणेशाहीचे विश्लेषण करावे, अशी अपेक्षा धरणे हा क्रूरपणा आहे. तो बिचारा ऑस्टिनच्या सार्वभौमत्व-सिद्धान्ताकडे वळतो, कारण ऑस्टिन कोणत्याही मतदारसंघात उभा नाही. लोकसंख्या, भूप्रदेश, शासन, सार्वभौमत्व, असे राज्याचे चार घटक फळ्यावर लिहिले जातात आणि मुले ते वहीत उतरवतात. विद्यार्थ्याच्या आळसाविषयी तक्रार करण्यापूर्वी त्याला ज्याने शिकवायचे त्याच्या पोटाची सोय आपण केली आहे काय, हे तरी पाहावे.

तोटा कोणाचा?

काही शहाणे म्हणतील, बिघडले कोठे? राज्यशास्त्र शिकून कोण राजकारणी झाला आहे? हा प्रश्न खरोखरच विचारण्यासारखा आहे. आमदाराच्या मुलाला राज्यशास्त्राच्या वर्गाची गरज नसते. निविदा कशी निघते, जिल्हा नियोजन समितीचा निधी कोठे वळतो, तहसीलदाराशी कसे बोलावे, हे तो जेवणाच्या ताटावर शिकतो. ऊसतोडणी कामगाराच्या मुलीला, पारधी वस्तीवरून आलेल्या मुलाला, गिरणगावातील चाळीतल्या नातवाला ते सांगणारे घरी कोणी नसते. राज्य नावाची वस्तू त्यांना पोलीस, तलाठी आणि रेशन दुकान एवढ्याच रूपांत भेटलेली असते. तिच्यामागची यंत्रणा, तिच्यातले आपले हक्क आणि ती हलवण्याच्या जागा समजून घेण्याचे त्यांना परवडणारे ठिकाण बी.ए.चा वर्ग हेच आहे. तोच वर्ग पोकळ झाला तर राजकारणाचे ज्ञान पुन्हा वतनदारीने चालू लागते. सावकाराने खतावणी लपवावी तसे हे आहे.

आज या विद्यार्थ्यांपुढे राज्यशास्त्राचा एकच उपयोग मांडला जातो, तो म्हणजे स्पर्धा परीक्षा. कलमे, परिशिष्टे, दुरुस्त्यांचे क्रमांक यांचा पाढा घोकला की राज्यसेवेची वाट सुकर होते, असे सांगितले जाते. मूठभर जागांसाठी लाखो मुले पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉटभर जागेचे भाडे भरून उमेदीची वर्षे घालवतात. नोकरीची आस धरण्यात काहीच गैर नाही. ज्याच्या घरी कोरडवाहू दोन एकर आहेत त्याने सरकारी नोकरीचे स्वप्न पाहू नये, असे पोट भरलेल्याने सांगू नये. पण राज्यघटना हा नागरिकाचा दस्तऐवज न राहता उमेदवाराची प्रश्नपेढी बनते, तेव्हा नापास झालेल्या लाखोंच्या हाती काय उरते? फेब्रुवारी २०२३ मध्ये परीक्षेचे नवे स्वरूप पुढे ढकलावे म्हणून याच मुलांनी पुण्यात रस्त्यावर ठाण मांडले आणि राज्य लोकसेवा आयोगाला ते २०२५ पर्यंत ढकलायला लावले. संघटित व्हायची ताकद त्यांच्यात आहे. नोकऱ्या एवढ्या थोड्या का, हा प्रश्न राज्याच्या अर्थसंकल्पाला विचारण्याची रीत मात्र त्यांना कोणी शिकवली नाही.

दडवलेले ग्रंथ, वगळलेली प्रकरणे

मराठी माध्यमातून हा विषय शिकणाऱ्यांची आणखी एक कुचंबणा आहे. भारतीय राजकीय विचारवंत या अभ्यासपत्रिकेत फुले, आगरकर, टिळक, गांधी, आंबेडकर सारे असतात. पण जन्म, बालपण, कार्य, विचार, मूल्यमापन अशा एकाच साच्यातून काढलेले. झेरॉक्सच्या दुकानात तीस पानांत पाच महापुरुष मिळतात. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी मांडलेली कैफियत अशी की शेतकऱ्यांच्या कष्टातून जमणारा महसूल वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि शेतकऱ्यांची मुले प्राथमिक शाळेलाही मुकतात. शिक्षणावरील खर्चाचे हे राज्यशास्त्र आजच्या शुल्कवाढीला लावून पाहा, असे सांगणारा प्रश्न परीक्षेत किती वेळा येतो?

२२ डिसेंबर १९५२ रोजी बाबासाहेबांनी पुण्यात जिल्हा विधी ग्रंथालयाच्या सभासदांपुढे लोकशाही यशस्वी होण्याच्या पूर्वअटी सांगितल्या. समाजात ढळढळीत विषमता नसावी, विरोधी पक्ष असावा, कायद्यापुढे व कारभारात समानता असावी, संविधानिक नीती पाळली जावी, बहुमताच्या नावाखाली अल्पमतावर जुलूम होऊ नये, समाजाची सदसद्विवेकबुद्धी जागी असावी, असा त्याचा आशय आहे. या एका भाषणावर पदवीचे संपूर्ण सत्र उभे राहू शकते. पण ते मुलांच्या हाती पडायला हवे ना! त्यांच्या लेखनाचे व भाषणांचे खंड राज्य शासन १९७९ पासून काढत आले. त्यांची छपाई रखडल्याची दखल डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. पुतळ्यांना जागा तत्काळ मिळते आणि ग्रंथांना कागद मिळत नाही.

ही वृत्ती महाराष्ट्रापुरती नाही. २०२० साली महामारीचे निमित्त करून केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने त्या वर्षापुरती अकरावीच्या राज्यशास्त्रातून संघराज्य, नागरिकत्व, राष्ट्रवाद आणि धर्मनिरपेक्षता ही प्रकरणे वगळली. पुढे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने बारावीच्या पुस्तकातून जनआंदोलनांचे प्रकरणच काढून टाकले. त्यात १९७२ साली मुंबईत जन्मलेल्या दलित पँथरची हकीकत होती. जून २०२३ मध्ये सुहास पळशीकर व योगेंद्र यादव या मूळ पुस्तकांच्या मुख्य सल्लागारांनी आपली नावे त्यांवरून काढा, अशी मागणी केली. शाळेत चळवळी वगळायच्या, महाविद्यालयात चळवळीला बंदी करायची आणि मग तरुण पिढी राजकारणाविषयी उदासीन आहे म्हणून अग्रलेखांतून अश्रू ढाळायचे, हा दांभिकपणा किती काळ चालणार?

मागण्या आणि आपले काम

तेव्हा या प्रश्नावर नुसते उसासे टाकून भागणार नाही. पहिली मागणी विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुकांची: २०१६ च्या कायद्याने दिलेला हक्क दरवर्षी, ठरल्या तारखेला बजावता आला पाहिजे. दुसरी मागणी अध्यापकांची रिक्त पदे पूर्ण वेतनावर भरण्याची, कारण भ्यालेला शिक्षक निर्भय नागरिक घडवू शकत नाही. तिसरी मूळ ग्रंथांची: फुले, आंबेडकर, लास्की, मार्क्स, मिल हे मराठीत, स्वस्त किमतीत आणि संपूर्ण मिळाले पाहिजेत. चौथी परीक्षेची: प्रत्येक विद्यार्थ्याने एका ग्रामसभेला वा प्रभागाच्या बैठकीला हजर राहून अहवाल लिहावा, माहितीच्या अधिकाराखाली एक अर्ज करावा, आपल्या पंचायतीचे एका वर्षाचे अंदाजपत्रक वाचून समजावून सांगावे, आणि त्याला लेखी परीक्षेइतकेच गुण असावेत. यात प्रयोगशाळा बांधायची नाही, यंत्रे आणायची नाहीत. प्रयोगशाळा गावोगाव उभी आहे.

या मागण्या शासन आपण होऊन मान्य करील, अशा भ्रमात कोणी राहू नये. तोवर कार्यकर्त्यांनी हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक संमत केले. त्याचा मजकूर आपल्या गावातील किती पदवीधरांनी वाचला आहे, हे विचारून पाहावे. महाविद्यालयाच्या फाटकाच्या आत सभा घेता येत नसेल तर फाटकाबाहेरच्या वाचनालयात, समाजमंदिरात, एस.टी. स्टँडजवळच्या खोलीत आठवड्यातून एकदा अभ्यासमंडळ भरवता येते. तेथे तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला सन्मानाने बोलवा. वर्गात जे तो बोलू शकत नाही ते तो तेथे बोलेल. मुलांना झेंडा धरायला बोलावू नका, अंदाजपत्रक वाचायला बोलवा. जी मुलगी आपल्या गावच्या पाणीयोजनेचा पैसा कागदावर शोधून काढील, तिला राज्याचे चार घटक पुन्हा कोणी शिकवावे लागणार नाहीत. आणि तिच्या प्रश्नांना उत्तर देण्याची पाळी आली की संस्थाध्यक्षांनाही राज्यशास्त्राचे पुस्तक उघडावे लागेल.